फरशीखालचा पडदा

अमरावतीत मला खोली भाड्यानं देणाऱ्या पहिल्या माणसानं माझी जात विचारली नाही, यात त्याचा मोठेपणा काहीही नव्हता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही भलत्याच आदरानं वाचाल.

मी तिवशाची. शिकून मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते, आणि आमच्या घरानं नागपूरला दीक्षा घेतल्याला अजून फार काळ झाला नव्हता. खोली शोधत फिरताना मला कळलं, की अमरावतीत रिकाम्या खोल्या पुष्कळ असतात, पण माझं आडनाव कानावर पडलं की त्या जागच्या जागी भरतात. कुणाचा पुतण्या शिकायला यायचा असतो, कुणाला खोलीत सरकी साठवायची असते. एका बाईंना तर माझ्यासमोरच आठवलं, की आपल्याला खोली भाड्यानं द्यायचीच नव्हती.

या घरमालकांनी मला ओट्यावर उभं केलं. नाव विचारलं, ते ऐकलं की नाही ठाऊक नाही. गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. माझ्या पायांकडे टक लावून ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमी मिरच्या कुठी कुटता?"

मी म्हटलं, मी कुटत नाही, बाजारातून तिखट आणते.

"मंग खोली तुमची," ते म्हणाले आणि किल्ली आणायला आत गेले.

खोलीतल्या फरशीवर खलबत्ता आपटणारी बाई कोणत्याही उच्च कुळातली असती, तरी तिला त्यांनी उभं केलं नसतं. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या. एक, जपून पाय टाकणारे. दुसरी, धाडधाड चालणारे. मी पहिल्या जातीत निघाले. जन्मभरात कुणी मला वरच्या जातीत घातल्याची ही पहिलीच वेळ.

त्यांना सगळे काकाजी म्हणत, मीही म्हणू लागले. बांधकाम खात्यात ते ओव्हरसियर होते. मुदतीआधी घरी बसले. खात्यानं त्यांना सोडलं की त्यांनी खात्याला, याबद्दल गावात दोन मतं होती. पण साहेबांच्या बंगल्यावर चहाला गेले असताना त्यांनी मेमसाहेबांसमोर गालिचा गुंडाळून खालची भेग दाखवली, एवढ्यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. उंच, सडसडीत, मान कायमची खाली घातलेली. अनोळखी माणसाला वाटायचं, काय नम्र गृहस्थ आहे. नम्र कसले, फरशी बघत असायचे. खिशात अडकित्ता. सुपारी आयुष्यात खाल्ली नाही. अडकित्त्याची मूठ फरशीवर ठोकायची आणि कान लावायचा. 'ठण' वाजली तर मालक सज्जन. 'बद्द' वाजली तर खाली पोकळ आहे, आणि बहुधा मालकही.

कुणाच्याही घरी गेले की चपला दारात काढून अनवाणी सगळं घर फिरायचे. लग्नाच्या पंगतीत पत्रावळ सरकवून खालची जोड तपासायचे. एकदा शेजारी कुणी वारलं. माणसं जमली होती, काकाजी भिंतीशी बसले होते. गेलेल्या माणसाबद्दल बोला म्हटल्यावर ते म्हणाले, माणूस देवासारखा होता, पण कोबा जागोजाग उकलला आहे, तेराव्याच्या आधी बघून घ्या. त्यानंतर काही दिवस लोकांनी त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मयताची खबर देणंच बंद केलं.

या वेडाच्या मुळाशी आमची वऱ्हाडातली काळी माती. उन्हाळ्यात ती फाटते, भेगेत हात जातो. पावसाळ्यात तीच फुगते आणि वरचं घर हळूच उचलते. मग घरातला चुन्या-विटांचा कोबा तडकतो आणि कोब्याला चिकटलेल्या फरश्याही त्याच रेषेत तडकतात. भेगेतून ओल वर येते, पाणी खाली जातं, माती आणखी फुगते. लोक पिढ्यान्पिढ्या हे बघत आले होते आणि भेगेवर चटई टाकून मोकळे होत होते. काकाजींच्या बापाची या मातीत चांगली जमीन होती, कापूस पिकायचा. काकाजी म्हणायचे, "बापानं या मातीची पूजा केली, मी तिच्यावर डांबर ओतलं."

हे अक्षरशः खरं होतं. त्यांची युक्ती अशी, की कोबा झाला की त्यावर डांबरात भिजवलेलं गोणपाट अंथरायचं आणि फरशी त्यावर बसवायची, कोब्याला चिकटू द्यायची नाही. मग कोबा खाली तडको, सरको, काही करो. गोणपाट ताणलं जातं, पण भेग वर चढत नाही, आणि पाणीही आरपार जात नाही. याला ते पडदा म्हणत. "खालच्याले फुटाचं तं फुटू दे, वरच्याले खबर लागू नये." गावात लेकीसुना डोक्यावरचा पदर मागे सारून कॉलेजात जाऊ लागल्या होत्या, त्याच सुमाराला हा माणूस दारोदार जाऊन फरश्यांना पडद्यात बसवा म्हणून सांगत होता.

त्यांच्या स्वतःच्या बैठकीत काळ्या-पांढऱ्या सिमेंटच्या फरश्या होत्या, अर्थात पडद्यातल्या. त्यावर पलंग ठेवायला बंदी, पाटा ठेवायला बंदी, लठ्ठ पाहुण्यांना ओट्यावरच बसवायचे. काकू एकदा मला म्हणाल्या, "बाई, माह्या टाचांले इतक्या भेगा पडल्या, थ्या काई यायले दिसल्या नाहीत कधी." आणि हसल्या. हसणं हा त्यांचा संसारातला एकमेव विसावा होता.

त्यांना एकच मुलगी. बी.ए. झालेली, बापासारखीच उंच, बापासारखीच हट्टी. फरक एवढाच, की ती माणसांकडे बघायची. तिला अकोल्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील वकील, घर मोठं, मुलगा शेतकी खात्यात. बार्शीटाकळीकडे कुठल्याशा शिवारात तो काळ्या मातीचाच अभ्यास करत होता. ज्या माणसानं जन्मभर त्या मातीचा दुस्वास केला, त्याच्याच घरी त्या मातीचा प्रेमी जावई होऊन यावा, ही योजना कुणी केली असेल त्याला माझा नमस्कार.

मुलाकडची मंडळी अमरावतीला येऊन मुलगी बघून गेली. मुलगा आणि ती थोडा वेळ ओट्यावर बोलत बसले. मी नंतर विचारलं, काय बोलले? ती म्हणाली, सगळा वेळ मातीवर बोलले. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "मले झोप नाही आली." मी ओळखलं, की हे लग्न ठरलं.

मग रीतीप्रमाणे आम्ही मुलाचं घर बघायला अकोल्याला निघालो. काकाजी, काकू आणि मी. माझं तिथे काही काम नव्हतं. काकूंना कुणीतरी शिकलेलं बाई माणूस बरोबर हवं होतं, जे काकाजींना वेळेवर आवरेल. शिक्षणाबद्दल लोकांच्या फार मोठ्या अपेक्षा असतात. बडनेऱ्याला गाडीत बसताना काकूंनी त्यांच्याकडून वचन घेतलं, की अडकित्ता खिशातून काढायचा नाही. त्यांनी दिलं.

वकिलांचं घर खरोखर मोठं होतं. वकीलसाहेब गोरे, गोल, आवाज कोर्टातला. वकीलीणबाई गुडघेदुखीनं बेजार, भिंत धरून चालत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून गोड आवाजात विचारलं, "तुमी कोणापैकी?" मी उत्तर द्यायच्या आत काकाजी म्हणाले, "थ्या मास्तरीणबाई हायेत. लय हलक्या पायाच्या." एवढी ओळख त्यांना पुरेशी वाटली. वकीलीणबाईंना वाटली नाही. मी स्वतःच पुढचं सांगितलं, आणि मग माझा चहा कान तुटलेल्या कपातून आला. काकाजींच्या ते लक्षातही आलं नाही. ते चपला काढून आतल्या खोल्यांकडे निघाले होते.

तिथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. वकीलीणबाई म्हणाल्या, हिवाळ्यात या शहाबादीवर पाय ठेवला की कळ मस्तकात जाते. काकाजींना स्फुरण चढलं. लढाईच्या काळात ते उत्तरेकडे, बर्फाच्या मुलखात, फौजेच्या बराकी बांधायला गेले होते. तिथे जमिनीखाली नळ्या काढून त्यातून चुलीचा धूर फिरवतात, वरची जमीन कोमट होते आणि माणसं त्यावर मांडी घालून बसतात, हे त्यांनी रंगवून सांगितलं. वकीलसाहेब ऐकून म्हणाले, अकोल्यात जमीन गरम करायला चूल लागते हे मला नवीनच कळलं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात सूर्य हे काम फुकट करतो, त्याला तुमच्या नळ्या लागत नाहीत. सगळे हसले. काकाजी न्हाणीकडे गेले.

न्हाणीत एका बाजूला पाणी तापवायची चूल होती, तिच्या आचेनं त्या बाजूची फरशी कायम तापलेली, दुसऱ्या बाजूला कायम पाणी. म्हणजे भेगांना दोन्हीकडून आमंत्रण. आतून ठोकण्याचा आवाज येऊ लागला. बद्द, बद्द, बद्द. काकूंनी डोळे मिटले.

काकाजी बाहेर आले, पोह्यांची बशी बाजूला सारली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या घराले तळच नाही. पाणी पायव्यात जाऊन राहिलं. मी माही पोरगी इथं कशी देऊ?"

वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही मुलगी द्यायला आलात की घरावर जप्ती आणायला?"

पुढचं दोघांचं बोलणं सांगण्यासारखं नाही. वकीलसाहेबांनी काकाजींच्या कुळातल्या वेडाचा उल्लेख केला, काकाजींनी वकिलांच्या गवंड्याचा. मुलगा दारात उभा होता. त्यानं मला विचारलं, भेग कोणत्या दिशेनं गेली आहे? मला वाटलं, परमेश्वरा, हा दुसरा.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरला काकाजी म्हणाले, डांबर कमीत कमी दोन हात द्यायला हवं त्या न्हाणीला. काकू खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

घरी मुलीला कळलं, तेव्हा ती रडली नाही. बापासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, मले त्या माणसासंगं राहाचं आहे, फरशीसंगं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले, तर बैठकीतून दणादण आवाज. तिनं स्वयंपाकघरातला लोखंडी खलबत्ता आणून बैठकीच्या मधोमध, काळ्या-पांढऱ्या फरशीवर मांडला होता आणि मिरच्या कुटत होती. सगळ्या घराला ठसका. हे रोज सुरू झालं. मिरच्या संपल्या तेव्हा हळद, हळद संपली तेव्हा शेंगदाणे, आणि एके दिवशी तर मी बघितलं, खलात काहीच नव्हतं. काकाजी समोर बसून ऐकायचे. मला वाटलं, बाप आता विरघळणार. ते मला हळूच म्हणाले, "ऐकता का मास्तरीणबाई? इतकं कुटून राहिली, पण अजून ठणच वाजून राहिलं." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ समाधान मी कधी पाहिलं नव्हतं.

गाठ सोडवली ती वकीलीणबाईंनी. नातेवाइकांकडे लग्नाला अमरावतीला आल्या होत्या, तिथून टांगा करून एकट्याच आमच्याकडे आल्या. लठ्ठ असूनही थेट बैठकीत बसल्या, कुणाची हिंमत झाली नाही अडवायची. म्हणाल्या, तुमी फरशीतले एवढे जाणते, तर माझी न्हाणी आणि शेजारची निजायची खोली करून द्या, आणि ती गरम जमीन पण करून द्या. साहेबांना मी सांगते. साहेबांचं म्हणणं त्यांनी लपवलं नाही. साहेब म्हणाले होते, की फरशी टिकली तर सोयरीक, फुटली तर या घरात त्या माणसाचं नाव काढायचं नाही.

काकाजी लगेच हो म्हणाले. आतून मुलगी बाहेर आली. ती वकीलीणबाईंच्या पाया पडली आणि मग दोघांनाही ऐकवलं, की फरशीची पैज लावायची तर लावा, पण त्यात मला ठेवू नका. वैशाखात माझं लग्न आहे. तोवर फरशी झाली तर आनंद, नाही झाली तर मी मातीच्या जमिनीवर राहीन. वकीलीणबाईंनी तिला आपल्या शेजारी बसवलं. मग मला म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय." तोवर माझ्या हातचा चहा त्यांनी पिऊन संपवला होता. कप बघायला त्या विसरल्या की नाही, हे मी विचारलं नाही.

थंडीच्या सुरुवातीला काकाजींनी अकोल्याचं काम पुरं केलं. न्हाणीतल्या चुलीपासून शेजारच्या खोलीखाली विटांच्या नळ्या काढल्या, धूर पलीकडच्या भिंतीतल्या धुराड्यातून बाहेर. नळ्यांवर कोबा, कोब्यावर लाडका डांबरी पडदा, त्यावर नव्याकोऱ्या फरश्या. वकीलसाहेबांनी पहिल्या दिवशी कोर्टातली मित्रमंडळी बोलावली. ती मंडळी स्वच्छ धोतरं नेसून खोलीत मांडी घालून बसली. आम्हीही गेलो होतो. चूल पेटली. हळूहळू जमीन कोमट झाली, वकीलीणबाईंनी पाय पसरले आणि डोळे मिटून "अहाहा" म्हणाल्या. काकाजी छाती काढून उभे.

मग वास येऊ लागला. सडकेवर डांबर टाकताना येतो तो. मंडळींनी हळूच रुमाल नाकाशी नेले, सभ्य माणसं होती. मग फरश्यांच्या सांध्यांतून काळे, चमकदार थेंब वर आले. जो पडदा पाण्याला आणि भेगेला अडवणार होता, तो आचेपुढे विरघळला होता. एक वयस्कर वकील उठायला गेले आणि धोतरासकट जमिनीला चिकटून राहिले. त्यांना दोघांनी ओढून काढलं. धोतराचा काही भाग खोलीतच राहिला.

काम चालू असताना काकाजींचं ते 'खबर लागू नये'चं वाक्य वकीलसाहेबांनी रोज ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "फरशीला खबर लागली म्हणायची."

मला वाटलं, काकाजी भांडतील. पण सगळे गेल्यावर ते त्या खोलीत खाली बसले आणि सांध्यांतलं डांबर खरवडत राहिले. त्यांच्याशी बोलायला मी गेले, तर त्यांनी मान वर केली नाही. मला तेव्हा त्यांची कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला. इतकी वर्षं गावाला डांबर पाजणाऱ्या माणसाच्या डोक्यात डांबर आचेनं वितळतं हे येऊ नये?

पाहुण्यांच्या पायांचं डांबर पुसून देऊन मुलगा रॉकेलचा डबा आणि चिंध्या घेऊन आला आणि काकाजींच्या शेजारी बसला. म्हणाला, तुमचा पडदा चुकला नाही, जागा चुकली. ओल येते खालच्या मातीतून. डांबराचा पडदा नळ्यांच्याही खाली, मातीलगत घाला, तिथे आच पोचत नाही. आणि वर, फरशीखाली, न वितळणारं काहीतरी हवं. काकाजी म्हणाले, काय न वितळणारं? मुलाला ठाऊक नव्हतं. त्यानं तसं सांगितलं. मला वाटतं, काकाजींनी त्याला जावई मानलं ते तेव्हा.

शोध शेवटी वकीलीणबाईंच्या कोठीत लागला. तिथे वनस्पती तुपाचे रिकामे डबे रचून ठेवले होते. डबे कापून, ठोकून सपाट केले, टिनवाल्याकडून त्यांच्या कडा एकमेकांना डाख देऊन जोडून घेतल्या आणि खोलीभर एकसंध पत्रा झाला. खाली पूर्णा नदीची चाळलेली बारीक रेती, तिच्यावर पत्रा, पत्र्यावर फरशी. पत्रा पाणी खाली जाऊ देत नाही, आणि कोबा तडकला तरी रेतीवर पत्रा आपल्या जागी सरकत राहतो. सासरा आणि जावई त्या खोलीत पोटावर झोपून काम करायचे आणि काळ्या मातीवरून भांडायचे. एक तिला दगाबाज म्हणायचा, दुसरा म्हणायचा ती श्वास घेते. वकीलसाहेब दारातून बघून म्हणाले, की माझ्या घराचा पाया आता तुपाच्या डब्यांवर आहे, हे पक्षकारांना कळता कामा नये.

फरशी पुरी व्हायच्या आधीच वैशाखात लग्न झालं. मुलीनं सांगितलं तसंच.

फरशी मागाहून ज्येष्ठात पुरी झाली. पावसाळा आला, माती फुगली, आणि वकिलांच्या घराची पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली. काकाजी धावत अकोल्याला गेले, खोलीत शिरले, ठोकून बघितलं आणि आनंदानं ओरडत बाहेर आले, की फरशी शाबूत आहे. वकीलसाहेब भिंतीच्या फटीतून शेजाऱ्याच्या परसातली म्हैस बघत उभे होते. ते म्हणाले, अभिनंदन. त्यानंतर त्या दोघांनी एकमेकांशी सरळ बोलणं सोडून दिलं. एकाच खोलीत बसून सुनेमार्फत बोलायचे.

पौषात मुलीला दिवस भरायला अवकाश होता. बाळंतपणाला अमरावतीला आणायचं ठरलं होतं. त्याआधीच अकोल्याला तिचं पोट दुखायला लागलं आणि सातव्या महिन्यात मुलगी झाली. तार आली तेव्हा माझी नाताळची सुट्टी चालू होती, मी काकाजी आणि काकूंबरोबर गेले.

तळहातावर मावेल असं पोर. रडायचीही ताकद नव्हती, नुसता मांजरीसारखा आवाज. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला सारखी ऊब हवी, कमी-जास्त चालणार नाही. शेगडी ठेवू नका, धुरानं छाती भरेल. मग आम्ही सगळे त्या खोलीकडे बघायला लागलो. बाळाला कापसात गुंडाळून त्या जमिनीवर गोधडीच्या थरांत ठेवलं आणि न्हाणीतली चूल पेटवली. खोली उबदार झाली आणि धुराचा मागमूस नाही. पण ती जमीन सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ तापावी अशा बेतानं केली होती. आता चूल विझूच द्यायची नव्हती. बाहेर अकोल्याला न शोभणारी थंडी होती.

सरपण घालायचं काम वकीलसाहेबांनी स्वतःकडे घेतलं. कोर्टाला गेले नाहीत. ज्या माणसानं घरात पाण्याचा तांब्या उचलला नव्हता, तो न्हाणीत उकिडवा बसून फुंकणीनं जाळ करत होता. काकाजी बाळाशेजारी जमिनीवर हात टेकून बसायचे आणि ऊब जरा उतरली की भिंतीवर थाप मारायचे. पलीकडे वकीलसाहेब लाकूड सरकवायचे.

जावयानं एका सकाळी काकाजींना बाजूला घेतलं. म्हणाला, बाबा, एवढी आच सतत लागली तर फरशी नाही टिकायची. पत्रा तापून वाढेल आणि वरची फरशी फोडेल. काकाजी म्हणाले, "फुटन तं फुटू द्या. जाळ कमी करू नका."

हे न्हाणीत वकीलसाहेबांनाही ऐकू गेलं असणार.

फरशी फुटली ती भर दुपारी. मी खोलीतच होते, बाळ माझ्या मांडीवर होतं. वकीलीणबाईंनीच ते ठेवलं होतं आणि जरा आडव्या झाल्या होत्या. 'टच्' असा आवाज झाला आणि दारापासून खिडकीपर्यंत खोलीभर रेघ उमटली. काकाजी त्या रेघेकडे बघत राहिले. वकीलसाहेब हातात लाकूड घेऊन दारात आले. ज्या क्षणाची ते वर्षभर वाट बघत होते, तो त्यांच्या पायाशी पसरला होता. मी वाट बघत होते, आता काय बोलतात.

त्यांनी विचारलं, "ऊब आहे ना?"

काकाजी म्हणाले, "आहे."

वकीलसाहेब परत गेले आणि लाकूड चुलीत घातलं. सुनेशिवाय त्यांचं ते पहिलं बोलणं.

संक्रांत गेली तेव्हा पोर आईच्या अंगावर पिऊ लागलं. आवाज वाढला. मग खोलीत नको असलेले सल्लागारही वाढले, त्यावरून मी ओळखलं, की धोका टळला.

वकीलसाहेबांची जीभही पूर्ववत झाली. पुढे कित्येक वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला ते आत नेऊन ती रेघ दाखवायचे आणि सांगायचे, आमचे व्याही फरशीतले फार मोठे तज्ज्ञ आहेत. काकाजी समोर असले तरी सांगायचे. एका उन्हाळ्यात काकाजी अमरावतीहून नव्या फरश्या घेऊन गेले, बदलून देतो म्हणाले. वकीलसाहेबांनी फरश्या अंगणातच उतरवून घेतल्या आणि खोलीला हात लावू दिला नाही.

काकाजींनीही फार आग्रह केला नाही. मी त्यांना त्या घरात पुढेही पाहिलं. दुपारचं जेवण झालं की ते त्याच खोलीत जायचे आणि त्या फुटक्या जमिनीवरच अंग टाकायचे. नात पोटावर चढून बसायची, धपाधप उड्या मारायची, हातातलं लाकडी खेळणं फरशीवर आपटायची. ते तिला काही म्हणायचे नाहीत. थोड्या वेळात घोरायला लागायचे, आणि शेजारच्या खोलीत वकीलसाहेब हातातले कागद खाली ठेवून म्हणायचे, या माणसाला कुणीतरी उठवा.